देवाला शिव्या चालल्या, पण कव्हर चाललं नाही! डीसाइडच्या अल्बमवरून मेटलचे चाहते का भडकले?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात डीसाइड नावाचा एक बँड आहे. नावाचा अर्थ देवहत्या. या बँडचे गायक ग्लेन बेंटन यांनी एकेकाळी स्वतःच्या कपाळावर उलटा क्रॉस डागून घेतला होता. गाणी बहुतेक सगळी ख्रिश्चन धर्माच्या आणि चर्चच्या विरोधात. त्यावरून धार्मिक मंडळी या बँडवर वर्षानुवर्षं चिडून आहेत, आणि बँडला त्याचं काहीच वाटत नाही. उलट तीच त्यांची ओळख आहे.

पण २०२४ मध्ये या बँडचा नवा अल्बम आला आणि गंमत झाली. यावेळी भडकले ते त्यांचेच चाहते. कारण गाण्यांचे शब्द नव्हते, संगीतही नव्हतं. कारण होतं अल्बमचं कव्हर. हे चित्र माणसाने काढलेलं नाही, ते एआयकडून बनवून घेतलंय, असा आरोप चाहत्यांनी केला.

देवाला शिव्या दिलेल्या चालतात आणि एआयचं चित्र चालत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण या भांडणात चित्रकारांच्या पोटाचा प्रश्न आहे, कॉपीराइटचा प्रश्न आहे, आणि आपण स्वतः मोबाइलवर फोटोचं कार्टून करून टाकतो त्याचाही प्रश्न आहे. म्हणून मेटल ऐकत नसाल तरी हा मॅटर समजून घेण्यासारखा आहे.

आधी हे सांगा, डेथ मेटल म्हणजे काय?

रॉकमधून हेवी मेटल निघालं, हेवी मेटलमधून आणखी वेगवान असं थ्रॅश मेटल निघालं आणि १९८० च्या दशकात त्याच्याही पुढे जाऊन डेथ मेटल तयार झालं. गिटारचे सूर खाली उतरवलेले, ड्रम्स प्रचंड वेगात, आणि गाणं म्हणजे घशातून काढलेली गुरगुर. विषय मृत्यू, युद्ध, रोगराई, धर्म असे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा नुसता गोंगाट वाटतो. पण वाजवायला हा प्रकार फार अवघड आहे, आणि त्याचे चाहते तालाची एकेक मात्रा मोजत ऐकतात.

कॅलिफोर्नियातल्या पझेस्ड या बँडने १९८५ मध्ये ‘सेव्हन चर्चेस’ हा अल्बम काढला. त्यात ‘डेथ मेटल’ नावाचंच एक गाणं होतं. १९८७ मध्ये फ्लोरिडाच्या डेथ या बँडचा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ आला. मग फ्लोरिडातलं टँपा शहर आणि आजूबाजूचा परिसर या संगीताची राजधानीच झाला. तिथल्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स या साउंड इंजिनिअरच्या हाताखाली एकामागून एक अल्बम तयार झाले.

डीसाइड याच गर्दीतला बँड. १९८७ मध्ये सुरू झाला, सुरुवातीच्या काळात नाव होतं अ‍ॅमॉन. १९९० मध्ये ‘डीसाइड’ या नावाचाच पहिला अल्बम आला, १९९२ मध्ये ‘लीजन’. बास वाजवणारे आणि गाणारे बेंटन आणि ड्रमर स्टीव्ह अ‍ॅशाइम हे दोघे सुरुवातीपासून आजपर्यंत टिकून आहेत. गिटारवाले बदलत गेले.

आणि हे सगळं फक्त तिकडेच आहे असंही नाही. मुंबईत गटस्लिट हा डेथ मेटल बँड आहे. मुंबईच्याच डीमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ नावाचा आख्खा मेटल अल्बम काढला होता. म्हणजे हा श्रोता आपल्याकडेही आहे, संख्येने कमी असला तरी.

मग २०२४ मध्ये नेमकं झालं काय?

डीसाइडचा आधीचा अल्बम ‘ओव्हर्चर्स ऑफ ब्लास्फेमी’ सप्टेंबर २०१८ मध्ये आला होता. त्यानंतर साडेपाच वर्षं काहीच नाही. एवढ्या काळानंतर नवा अल्बम जाहीर झाला, नाव ‘बॅनिश्ड बाय सिन’. बँडचा हा तेरावा स्टुडिओ अल्बम. रेकॉर्ड कंपनी नवी होती, रेनिंग फीनिक्स म्युझिक. टेलर नॉर्डबर्ग हे गिटारवादकही नवे होते. रिलीजची तारीख ठरली २६ एप्रिल २०२४.

आजकाल अल्बम एकदम येत नाही, हप्त्याहप्त्याने येतो. आधी एखादं गाणं, मग त्याचा व्हिडिओ, मग कव्हर आणि गाण्यांची यादी, मग आगाऊ बुकिंग. त्यातलं कव्हर लोकांनी पाहिलं आणि चर्चेची गाडी भलत्याच रुळावर गेली. गाणी कशी आहेत हा विषय मागे पडला. कव्हरवरचे तपशील मोठे करून पाहिले गेले आणि हे एआयचं काम आहे, असं म्हणत लोक तुटून पडले.

टीका झाली तरी बँडने कव्हर बदललं नाही. ठरल्या तारखेला त्याच कव्हरसकट अल्बम बाजारात आला. संगीताचं अनेकांनी कौतुक केलं. पण ‘बॅनिश्ड बाय सिन’चं नाव निघालं की आजही गाण्यांच्या आधी कव्हरचा विषय निघतो.

याला आणखी एक धार होती. २०१८ च्या अल्बमचं कव्हर झ्बिग्निएव्ह बिएलाक या पोलंडच्या चित्रकाराने काढलं होतं. घोस्ट या स्वीडिश बँडची गाजलेली कव्हर्सही त्यांचीच. बारीक रेषांनी भरलेलं, तासन्‌तास बघत बसावं असं त्यांचं काम असतं. म्हणजे याच बँडने याआधी असं काम करून घेतलं होतं, आणि चाहत्यांना ते माहीत होतं. मग नवं कव्हर पाहून तुलना होणारच होती.

पण एका कव्हरवरून एवढा राडा कशाला?

पॉप गायकाच्या कव्हरवर गायकाचा चेहरा असतो. चेहरा विकला जातो. डेथ मेटलमध्ये चेहऱ्याला किंमत नाही. कोण गातोय हे बऱ्याचदा लोकांना दिसतही नाही, शब्दही कळत नाहीत. अशा वेळी गाण्यातलं जग दाखवायची जबाबदारी चित्रावर येते. इंटरनेटच्या आधीच्या काळात तर दुकानात उभा असलेला पोरगा गाणं न ऐकता, निव्वळ कव्हर बघून कॅसेट घ्यायचा.

त्यामुळे या संगीताच्या इतिहासात चित्रकारांची नावं वादकांच्या बरोबरीने घेतली जातात. डेथ बँडच्या पहिल्या तिन्ही अल्बमची कव्हर्स एड रेप्का यांनी काढली. ब्रिटनच्या डॅन सीग्रेव्ह यांनी मॉर्बिड एंजलचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ (१९८९), एन्टूम्डचा ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०), सफोकेशनचा ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’ (१९९१) असे एकापाठोपाठ एक अल्बम रंगवले. कॅनिबल कॉर्प्स या बँडची रक्ताने माखलेली कव्हर्स व्हिन्सेंट लॉक या कॉमिक्सच्या चित्रकाराची. कॅनिबल कॉर्प्सच्या पहिल्या तीन अल्बमवर जर्मनीत बंदी आली आणि त्यातली गाणी तिथे २००६ पर्यंत स्टेजवर वाजवताही येत नव्हती. त्या बंदीमागे शब्दांइतकीच चित्रंही होती.

चित्रावरून बँडमध्ये ओढाताणही झालेली आहे. अमेरिकन चित्रकार मायकल व्हेलन यांचं एक चित्र ब्राझीलच्या सेपल्चुरा बँडला त्यांच्या १९८९ च्या अल्बमसाठी हवं होतं. दोन्ही बँडची रेकॉर्ड कंपनी एकच होती. कंपनीने सेपल्चुराला व्हेलन यांचं दुसरं चित्र दिलं आणि ते हवं असलेलं चित्र गेलं ऑबिच्युरी बँडच्या ‘कॉज ऑफ डेथ’वर. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी मेटलवाले हा किस्सा सांगतात.

आपल्याकडे याची कल्पना करायची असेल तर जुने दिवाळी अंक आठवा. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगांवकर यांचं चित्र मुखपृष्ठावर आहे, एवढ्यावर अंक हातात घेतला जायचा. आत कोणाची कथा आहे ते नंतर बघितलं जायचं. घरोघरी ती चित्रं कापून, फ्रेम करून लावलेली असायची. डेथ मेटलच्या चाहत्याचं कव्हरशी नातं साधारण असं आहे. तो ते टी-शर्टवर छापून घालतो, भिंतीवर लावतो, काही जण अंगावर गोंदवूनही घेतात.

चाहत्यांना कळलं कसं?

एआयच्या चित्रात काही खुणा सापडतात. बोटं कमी-जास्त होतात. लांबून नक्षी वाटते, पण जवळून बघितलं तर रेष कुठून सुरू झाली आणि कुठे संपली याचा पत्ता लागत नाही. दागिन्याची कडी मध्येच कातडीत विरघळते. एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. माणूस काढतो तेव्हा त्याला माहीत असतं की हे हाड आहे, हा कापडाचा काठ आहे. एआय वस्तू ओळखून काढत नाही, असं चित्र साधारण कसं दिसतं याचा अंदाज बांधतं.

पण इथे एक धोका आहे, आणि तो मेटलवाल्यांनाही लागू होतो. खुणा बघून ठरवणं म्हणजे पुरावा नाही. २०२२ च्या अखेरीस रेडिटवरच्या कलेच्या एका मोठ्या ग्रुपमधून एका चित्रकाराला याच संशयावरून काढून टाकलं होतं. आपण चित्र कसं केलं याच्या कच्च्या फाइल्स दाखवायला तो तयार होता, तरीही. खऱ्या चित्रकाराला ‘तू एआय वापरलंस’ म्हणून झोडपणं हा चित्रकाराच्या बाजूने लढायचा अगदी चुकीचा मार्ग झाला. शिवाय एआय दर काही महिन्यांनी सुधारतंय, म्हणजे बोटं मोजून ओळखायचे दिवस संपत चाललेत. मग उरतं काय? बँडने आणि कंपनीने स्वतःहून स्पष्ट सांगणं, की चित्र कोणाचं आहे आणि कसं केलंय.

हा राग तंत्रज्ञानावर आहे का?

तसं वाटू शकतं, पण नाही. डेथ मेटल हे तंत्रज्ञानावर पोसलेलं संगीत आहे. ड्रमला सेन्सर लावून प्रत्येक ठोका सारखा ऐकू येईल अशी सोय अनेक बँड करतात. गिटारचा खरा अ‍ॅम्प्लिफायर न वापरता सॉफ्टवेअरमधून आवाज काढला जातो. चुकलेला तुकडा कॉम्प्युटरवर कापून जुळवला जातो. यावरही चाहत्यांमध्ये कुरबुर असते, पण त्यावरून बहिष्काराची भाषा होत नाही. डिजिटल चित्रांचंही तसंच. टॅब्लेटवर काढलेली कव्हर्स आज सर्रास येतात.

राग आहे तो एआय कशावर शिकलं त्यावर. चित्र बनवणाऱ्या एआयला शिकवायला इंटरनेटवरची अफाट चित्रं लागतात. स्टेबल डिफ्यूजन हे एआय ज्या साठ्यातून शिकलं तो लायन-५बी नावाचा साठा २०२२ मध्ये आला. त्यात चित्र आणि वर्णन अशा तब्बल ५८५ कोटी जोड्यांची यादी होती. त्यातल्या चित्रकारांना कोणी विचारलं नव्हतं, पैसे तर लांबच. जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन अमेरिकन चित्रकारांनी स्टॅबिलिटी एआय आणि इतर कंपन्यांवर कॅलिफोर्नियात खटला भरला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्यातले कॉपीराइटचे मुख्य मुद्दे पुढे चालवायला परवानगी दिली.

आता डेथ मेटलच्या बाजूने बघा. तुम्ही एआयला सांगता, ‘१९९० च्या दशकातल्या डेथ मेटल अल्बमसारखं चित्र दे.’ ते देतं. पण ती शैली आभाळातून पडलेली नाही. रेप्का, सीग्रेव्ह यांच्यासारख्या मूठभर माणसांनी ती हाताने घडवली आहे. त्यांच्या कामातून शिकलेलं यंत्र त्यांच्याच धंद्यात स्वस्त स्पर्धक म्हणून उभं राहतं. चाहत्यांना खटकलं ते हे. त्यात या संगीतात चित्रकार आणि बँड एकाच छोट्या गावातल्या माणसांसारखे असतात. अनेक चित्रकार स्वतः बँडमध्ये वाजवतात. चाहत्याला तो चित्रकार फेस्टिव्हलमध्ये स्टॉलवर भेटलेला असतो. त्यामुळे ‘चित्रकाराचा रोजगार जातोय’ हे वाक्य त्याला बातमीतलं वाटत नाही, ओळखीच्या माणसाचं वाटतं.

बँडची बाजू काहीच नाही का?

आहे, आणि ती ऐकायला हवी. डेथ मेटलमध्ये पैसा कमी आहे. स्ट्रीमिंगवर गाणं निदान ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं, आणि मोजलं गेलं तरी हातात येणारी रक्कम क्षुल्लक असते. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की वर्षभरात किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला पैसेच मिळणार नाहीत. स्टुडिओचं भाडं, प्रवास, व्हिसा, सगळं महागलंय. नवख्या बँडला चांगल्या चित्रकाराची फी म्हणजे दौऱ्याच्या कित्येक दिवसांचा खर्च असू शकतो. अशा बँडने एआयकडे पाहिलं तर त्याला सरळ खलनायक ठरवणं सोपं आहे, पण न्याय्य नाही.

दुसरा मुद्दा असा की, आम्ही संगीतकार आहोत, आमचं काम ऐका, चित्राचं काय घेऊन बसलात? यातही तथ्य आहे. ‘बॅनिश्ड बाय सिन’मधली गाणी माणसांनीच लिहिली, माणसांनीच वाजवली. अ‍ॅशाइम यांचे ड्रम्स कोणत्या यंत्राने वाजवलेले नाहीत.

पण डीसाइड हा नवखा बँड नाही. तीसहून जास्त वर्षांचं नाव, मागे रेकॉर्ड कंपनी, जगभर दौरे. ‘परवडत नव्हतं’ ही सबब त्यांच्या बाबतीत चाहत्यांच्या गळी उतरली नाही. आणि ‘चित्राचं काय घेऊन बसलात’ हेही पटण्यासारखं नव्हतं, कारण कंपनी विकते ते चित्रच. गाणी तर मोबाइलवर फुकटात किंवा महिन्याच्या वर्गणीत मिळतात. जास्तीचे पैसे मोजून लोक घेतात ती बारा इंची रेकॉर्ड, टी-शर्ट, पोस्टर. अमेरिकेत २०२२ मध्ये ४.१ कोटी व्हायनल रेकॉर्ड्स विकल्या गेल्या आणि सीडी ३.३ कोटी. १९८७ नंतर पहिल्यांदाच रेकॉर्ड्सनी सीडीला मागे टाकलं. त्या घेणाऱ्यांना हातात काहीतरी हवं असतं म्हणून ते पैसे देतात. त्या वस्तूवरचं चित्रच बिनमेहनतीचं वाटलं, तर वस्तू घ्यायची कशाला?

दुसऱ्या एका बँडने मात्र माघार घेतली

याच सुमारास नेदरलँड्सच्या पेस्टिलन्स बँडचंही असंच झालं. हा बँड १९८६ पासूनचा. आपली जुनी गाणी नव्याने रेकॉर्ड करून त्यांनी ‘लेव्हल्स ऑफ परसेप्शन’ हा अल्बम जाहीर केला. कव्हर एआयचं होतं. त्यांच्या चाहत्यांना हे जास्तच लागलं, कारण १९९१ चा त्यांचा ‘टेस्टिमनी ऑफ द एन्शंट्स’ हा अल्बम डॅन सीग्रेव्ह यांच्या कव्हरसाठीही ओळखला जातो. टीका वाढली आणि अल्बम २०२४ मध्ये बाजारात यायच्या आधीच बँडने कव्हर बदललं.

एकाच वेळी, एकाच प्रकारच्या संगीतात, दोन जुने बँड. एकाने ऐकलं, एकाने नाही. यातून एक गोष्ट दिसते. जिथे चाहते कमी पण पैसे मोजणारे असतात, तिथे त्यांच्या नाराजीला वजन असतं. कोट्यवधी लोक फुकट ऐकतात अशा गाण्याच्या बाबतीत हजार जण चिडले तर कंपनीला फरक पडत नाही. डेथ मेटलमध्ये हजार जणांनी आगाऊ बुकिंग रद्द केलं तर पडतो.

हे लोण मेटलपुरतं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये टीअर्स फॉर फीअर्स या प्रसिद्ध ब्रिटिश पॉप बँडलाही नव्या अल्बमच्या एआय कव्हरवरून असंच ऐकून घ्यावं लागलं.

कायदा काय म्हणतो?

इथे खरी गोम आहे. भावना बाजूला ठेवल्या तरी एआयचं कव्हर वापरणाऱ्या बँडला धंद्याच्या दृष्टीने एक मोठा धोका आहे.

अमेरिकेत कॉपीराइट मिळायला निर्मिती माणसाची असावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट ऑफिसने एका कॉमिकच्या बाबतीत निर्णय दिला. मजकूर आणि मांडणीला संरक्षण, पण मिडजर्नी या एआयने बनवलेल्या चित्रांना नाही. मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने स्टीफन थेलर यांच्या खटल्यात हेच तत्त्व कायम ठेवलं: निव्वळ यंत्राला लेखक मानता येणार नाही. जानेवारी २०२५ च्या अहवालात कॉपीराइट ऑफिसने हेही सांगितलं की, आजच्या घडीला एआयला नुसत्या सूचना लिहून दिल्याने चित्र तुमचं होत नाही. माणसाने त्यात स्वतः केलेले बदल, केलेली मांडणी यांना मात्र संरक्षण मिळू शकतं.

याचा अर्थ काय? समजा एखाद्या बँडने पूर्णपणे एआयने बनवलेलं चित्र कव्हरवर घेतलं. उद्या कोणी तेच चित्र टी-शर्टवर छापून रस्त्यावर विकायला बसला, तर बँडला आपलं नाव आणि लोगो वापरला म्हणून त्याला अडवता येईल. पण चित्र चोरलं म्हणून अडवणं अमेरिकेत कठीण जाईल. ज्या धंद्यात पोट टी-शर्टवर चालतं, तिथे ही छोटी गोष्ट नाही. चित्रकाराला दिलेल्या फीमधून बँड फक्त चित्र घेत नाही, ते चित्र वापरायचा पक्का हक्कही घेतो.

भारतात चित्र थोडं वेगळं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार कॉम्प्युटरने तयार केलेल्या कलाकृतीच्या बाबतीत, ती तयार करवून घेणारी व्यक्ती म्हणजे तिचा लेखक. पण ही तरतूद झाली तेव्हा आजचं एआय कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. एक ओळ लिहून चित्र मागवणारा माणूस यात बसतो का, आणि एआयला शिकवण्यासाठी दुसऱ्याची कामं वापरता येतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नावर एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात ओपनएआयवर खटला भरला.

यात आपला काय संबंध?

मार्च २०२५ आठवतोय? चॅटजीपीटीमध्ये नवीन सोय आली आणि दोन दिवसांत सगळ्यांचे फोटो स्टुडिओ घिबलीसारखे झाले. लग्नाचे, बारशाचे, गडावरचे, सगळे. जपानमधल्या चित्रकारांनी वर्षानुवर्षं एकेक फ्रेम हाताने रंगवून घडवलेली ती शैली आपण एका क्लिकवर वापरून पुढे गेलो. कोणाचं वाईट करावं असं कोणाच्या मनात नव्हतं. तरी प्रश्न तोच होता जो डीसाइडच्या चाहत्यांनी विचारला.

घरच्या फोटोची गंमत आणि विकायला काढलेला अल्बम यात फरक आहे, हे खरं. पण आज कार्यक्रमाचा बॅनर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, यूट्यूब चॅनलचा थंबनेल, दुकानाची जाहिरात यांतलं बरंच काम एआयकडे चाललंय. हीच छोटी कामं करून नवीन चित्रकार हात बसवतो आणि घर चालवतो. सीग्रेव्ह यांनी ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ रंगवलं तेव्हा ते ऐन विशीतही नव्हते आणि मॉर्बिड एंजलचाही तो पहिलाच अधिकृत अल्बम होता. नव्या बँडने नव्या चित्रकाराला काम दिलं आणि दोघेही मोठे झाले. तेव्हा एका क्लिकवर ‘भीतीदायक चित्र’ मिळालं असतं, तर पुढची तीस वर्षं एआयला नक्कल करायला ती शैलीच शिल्लक नसती.

डीसाइडचे चाहते या भांडणात जिंकले नाहीत. कव्हर तसंच राहिलं, अल्बम आला, दौरे झाले. पण त्यांनी एक सवय लावून घेतली जी आपणही लावून घेऊ शकतो. नवा अल्बम, नवं पुस्तक, नवं पोस्टर समोर आलं की आधी बघायचं, चित्रकाराचं नाव छापलंय का? असेल तर शेअर करताना तेही लिहायचं. नसेल तर विचारायचं, शिव्या न देता आणि आधीच निकाल न लावता. आणि आपल्याकडे कोणाला बॅनर किंवा मुखपृष्ठ करून घ्यायचं असेल, तर ओळखीत चित्र काढणारं पोरगं आहे का तेही एकदा आठवायचं. पेस्टिलन्सचं कव्हर बदललं ते कुठल्या कोर्टाच्या आदेशाने नाही. ते पैसे देऊन विकत घेणाऱ्यांनी विचारलं म्हणून बदललं.